संगणकाच्या पेटीतील वारा आणि उष्णता : 'थंड करणे' या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

गेमिंग संगणक म्हटले की खेळ, चैन आणि रंगीत दिवे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात या यंत्राचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड असलेला हाच संगणक त्रिमितीय आराखडे, ॲनिमेशन, चित्रफितींचे संपादन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे यांसाठीही वापरला जातो. त्यामुळे तो विद्यार्थ्याच्या खोलीत असतो, तसाच महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही असतो. हे यंत्र 'थंड' कसे ठेवावे याविषयी सल्ल्याची वाण नाही. पंखे किती असावेत, त्यांची दिशा कोणती असावी, हवा बरी की पाणी, अशा प्रश्नांची ठाम उत्तरे खरेदीच्या वेळी मिळतात. त्या उत्तरांचा बराचसा भाग परदेशी चाचण्यांवर आधारलेला असतो आणि कोल्हापूरसारख्या ठिकाणी तो जसाच्या तसा स्वीकारला जातो.

प्रस्तुत लेखात या सल्ल्यामागील गृहीतकांची चिकित्सा केली आहे. 'थंड करणे' हा शब्दप्रयोगच मूळ प्रश्न झाकून टाकतो. यंत्रातील पंखा उष्णता नष्ट करीत नाही. तो ती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकतो. ही उष्णता किती निर्माण होते आणि शेवटी कोठे जाते, या दोन प्रश्नांना बगल देणारा सल्ला अपुराच राहतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

उष्णतेचा वाढता हिशेब

१९८१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकाच्या वीजपुरवठा संचाची क्षमता ६३.५ वॅट होती. २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या 'आरटीएक्स ५०९०' या एकट्या ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ५७५ वॅट आहे. संगणक घेत असलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. म्हणजे पूर्ण भाराने चालणारा असा संगणक हा खोलीत ठेवलेला एक लहानसा हीटरच होय.

ही स्थिती अचानक आलेली नाही. ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतसा त्याला लागणारा विद्युतदाबही कमी होईल आणि तेवढ्याच क्षेत्रफळात निर्माण होणारी उष्णता वाढणार नाही, असे सूत्र रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. सुमारे तीस वर्षे उद्योगाने या सूत्राचा लाभ घेतला. २००५ च्या सुमारास ते निकामी झाले. २००४ मध्ये इंटेलचा 'प्रेस्कॉट' हा प्रोसेसर त्याच्या उष्णतेमुळेच टीकेचा विषय झाला. त्याच वर्षी इंटेलने त्याचा नियोजित वारस रद्द करून एकाच चिपवर अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला.

याच काळातील आणखी एक घटना उद्बोधक आहे. हवेचा एक सरळ झोत प्रोसेसरवरून वाहावा यासाठी घटकांची संपूर्ण मांडणी बदलणारे 'बीटीएक्स' हे मानक इंटेलने २००४ मध्ये पुढे केले. १९९५ पासूनच्या 'एटीएक्स' मानकाची जागा ते घेईल अशी अपेक्षा होती. परंतु नवे प्रोसेसर कमी वीज घेऊ लागले आणि २००६ मध्ये इंटेलने या मानकाचा पुढील विकास थांबविला. उष्णतेचा प्रश्न त्या वेळी वाऱ्याने सुटला नाही. तो आच कमी झाल्याने सुटला. या अनुभवाचा धडा मात्र आजच्या सल्ल्यात क्वचितच दिसतो.

तीन प्रचलित समजुती

पहिली समजूत अशी की, 'उष्ण हवा वर जाते, म्हणून पेटीच्या माथ्यावर पंखा हवाच.' हे विधान निसर्गनियम म्हणून खरे आहे. पण कोणत्या प्रमाणात खरे, हे पाहिले पाहिजे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळातील चुलवाण हे त्याचे उत्तम उदाहरण. चिपाडाच्या जाळाने तापलेले वायू धुराड्यातून वर चढतात आणि त्यांच्या जागी ताजी हवा जाळाकडे ओढली जाते. धुराडे ६ मीटर उंच आणि आतील वायू बाहेरील हवेपेक्षा ३०० अंशांनी अधिक तापलेले आहेत असे धरले, तर ही ओढ सुमारे ३० पास्कल भरते. संगणकाच्या पेटीची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि आतबाहेरील हवेतील फरक दहा-पंधरा अंशांचा. तेथे हीच ओढ ०.२ पास्कलच्या आसपास राहते. याउलट साधा पंखा १० ते २० पास्कल दाब निर्माण करू शकतो. म्हणजे चुलवाणात जो नियम राजा आहे, तो पेटीत पंख्यापुढे नगण्य ठरतो. माथ्यावरचा पंखा उपयुक्त ठरू शकतो, परंतु हवेच्या मार्गात त्याची जागा योग्य असेल तरच. समोरून आलेली थंड हवा कार्डापर्यंत पोहोचण्याआधीच तो बाहेर खेचत असेल, तर तो अपायच करतो.

दुसरी समजूत : 'जितके पंखे तितका गारवा.' येथे साधे गणित मदतीला येते. ५०० वॅट उष्णता बाहेर न्यायची आणि हवा १० अंशांपेक्षा अधिक तापू द्यायची नाही असे ठरविले, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरील कोल्हापुरात उन्हाळ्यात सेकंदाला सुमारे ४७ लिटर हवा लागते. १५ अंशांची वाढ चालणार असेल तर ३१ लिटर पुरतात. १२० मिलिमीटरचा सर्वसाधारण पंखा मोकळ्या हवेत सेकंदाला २५ ते ३० लिटर हवा देतो. जाळी, गाळणी आणि आतील घटकांच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो. तरीही मार्ग मोकळा असल्यास तीन-चार पंखे पुरेसे होतात. मार्गच बंद असेल तर आठ पंखेही निष्फळ. समोर अखंड काच बसवून तिच्यामागे दिव्यांचे पंखे लावणारी पेटी ही या दृष्टीने आत्मविसंगत रचना आहे. आतले सौंदर्य दाखविण्यासाठी ती श्वास घेण्याची जागाच बुजविते. शिवाय पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी शक्ती यांचे नाते घनाचे आहे. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते, आवाजही स्पष्टपणे घटतो, आणि हवा मात्र केवळ पाचव्या हिश्शाने कमी होते.

तिसरी समजूत : 'तापमान जितके कमी, तितके यंत्राचे आयुष्य अधिक.' दर १० अंशांना आयुष्य निम्मे होते, हा ठोकताळा विद्युत-अपघटनी कॅपॅसिटरसारख्या काही घटकांना बऱ्यापैकी लागू पडतो. संपूर्ण संगणकाला तो सरसकट लावणे योग्य नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये हार्डडिस्कच्या बिघाडांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मध्यम तापमानाच्या पट्ट्यात तापमान आणि बिघाड यांचा अपेक्षित असा घट्ट संबंध आढळला नाही. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये विदाकेंद्रांतील यंत्रांविषयी तशाच स्वरूपाचे निष्कर्ष मांडले. एएमडीचे २०२२ मधील 'रायझन ७०००' मालिकेतील काही प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्याच्या हिशेबानेच घडविलेले आहेत. अधिक घातक ठरते ते तापणे आणि निवणे यांचे वारंवार होणारे चक्र. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' या खेळयंत्रातील व्यापक बिघाडांमुळे २००७ मध्ये कंपनीला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. या चक्रातील ताणामुळे आतील जोडण्यांना तडे जात होते, असा खुलासा २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटातून झाला.

समीक्षेतून हरवलेली खोली

संगणकघटकांच्या समीक्षणांत 'प्रोसेसरचे तापमान ७० अंश' असे आकडे ठळकपणे दिले जातात. चाचणी ज्या खोलीत झाली तिचे तापमान बहुधा २० ते २२ अंश असते आणि वाचकाच्या नजरेतून ते निसटते. पंखा यंत्राला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून अर्थपूर्ण आकडा एकच : खोलीच्या तापमानापेक्षा यंत्र किती अंशांनी वर आहे. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३७ अंशांच्या आसपास जाते; जुलै-ऑगस्टच्या पावसात ते २६-२७ अंशांवर उतरते. तेच यंत्र, तेच पंखे आणि तेच काम असूनही वर्षभरात दहा अंशांचा फरक पडतो. समीक्षणातील ७० अंश एप्रिलच्या कोल्हापुरात ८५ होतात. यात यंत्राचा दोष नाही. दोष आहे संदर्भ वगळून आकडा देणाऱ्या समीक्षापद्धतीचा.

धुळीबाबतही हेच म्हणता येते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली, तर हवा प्रामुख्याने गाळणीतूनच आत येते आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. हा सल्ला योग्य आहे. परंतु रस्त्यावरची धूळ, गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात उडणारी राख आणि शेतात जाळल्या जाणाऱ्या पाचटाचे कण यांनी गाळणी किती लवकर भरेल, हे परदेशी चाचणी सांगू शकत नाही. भरलेली गाळणी ही बंद खिडकीच होय. त्यामुळे आणखी एका पंख्यापेक्षा महिन्यातून एकदा गाळणी झटकणे येथे अधिक मोलाचे ठरते.

'कूलर' या शब्दाची दिशाभूल

पाण्याच्या साहाय्याने उष्णता वाहून नेणाऱ्या संचाला बाजारात 'लिक्विड कूलर' म्हणतात. महाराष्ट्रात 'कूलर' म्हटले की उन्हाळ्यातील वाळ्याच्या पडद्यांचा कूलर आठवतो. त्यात पाण्याची वाफ होते, वाफेसोबत उष्णता जाते आणि म्हणून बाहेर येणारी हवा खोलीतील हवेपेक्षाही गार असते. मातीच्या माठाचे तत्त्वही हेच. संगणकातील संचात मात्र पाणी बंद नळ्यांतून फिरते. त्याची वाफ होत नाही. प्रोसेसरवरील उष्णता ते रेडिएटरपर्यंत नेते आणि तेथे पुन्हा पंख्यालाच काम करावे लागते. त्या पाण्याचे तापमान खोलीच्या खाली जाऊ शकत नाही. समान आकारमानात पाणी हवेच्या तीन हजार पटींहून अधिक उष्णता वाहू शकते, हा त्याचा खरा गुण. अरुंद जागेतील उष्णता सोयीच्या ठिकाणी नेण्यासाठी त्याचा उपयोग आहे. पण रेडिएटर त्याच खोलीत असल्याने खोलीचा भार एका वॅटनेही कमी होत नाही. शब्दसाम्यामुळे निर्माण झालेली अपेक्षा आणि त्यापोटी होणारा खर्च यांचा पालकांनी व संस्थांनी विचार करणे आवश्यक आहे.

पुण्यातील आयसर संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात घटकांवरील उष्णता थेट पाण्याने उचलण्याची पद्धत वापरली आहे. अशा ठिकाणी पाणी सार्थ ठरते, कारण तेथे उष्णता यंत्रकक्षाच्या बाहेर नेऊन सोडण्याची व्यवस्था आराखड्यातच असते. घरातील संचाने महासंगणकाचे साधन उचलले. त्यामागील विचार मात्र मागेच राहिला.

उष्णता जाते कोठे?

दहा फूट लांब, रुंद व उंच अशा खोलीतील हवेचे वजन सुमारे ३० किलो भरते. खोली बंद असेल आणि भिंतींनी काहीच उष्णता शोषली नाही असे मानले, तर ५०० वॅटचा संगणक ही हवा मिनिटाला जवळपास एका अंशाने तापवील. भिंती उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वाढ मंद असते, पण दिशा तीच. वातानुकूलन यंत्र लावल्यास ही उष्णता बाहेर काढण्यासाठी आणखी दीडशे वॅटच्या आसपास वीज खर्च होते आणि उष्णता गल्लीत जाते. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न वीसपट होतो. तेथे 'संगणकांसाठी' म्हणून १८ अंशांवर वातानुकूलन चालविण्याची प्रथा शास्त्राला धरून नाही. विदाकेंद्रांसाठी 'ॲशरे' या संस्थेने २००८ मध्येच २७ अंशांपर्यंतचा पट्टा शिफारसयोग्य ठरविला आहे.

या संदर्भात गुऱ्हाळातील गुळव्याचे शहाणपण पुन्हा लक्षात घ्यावेसे वाटते. काहिलीतील पाक तयार होत आला की तो काहील थंड करण्याच्या मागे लागत नाही. तो आधी जाळ कमी करावयास लावतो. संगणकातील वीजखर्च हा वेग आणि विद्युतदाबाच्या वर्गाशी निगडित असतो. त्यामुळे वेगातील शेवटचे काही टक्के मिळविण्यासाठी सर्वाधिक वीज जळते. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा पाचव्या हिश्शाने कमी केली, तर कामगिरीतील घट त्या मानाने अल्प असते. या उपायाला पैसे पडत नाहीत, म्हणून कदाचित विक्रीच्या भाषेत त्याला स्थान नाही.

समारोप

संगणकातील वातप्रवाहाची चर्चा पंख्यांच्या संख्येपाशी थांबते, तेव्हा ती पेटीलाच संपूर्ण जग मानते. वस्तुतः पेटी खोलीत, खोली इमारतीत आणि इमारत एका विशिष्ट हवामानात असते. म्हणून प्रथम निर्माण होणारी उष्णता मर्यादित करणे, नंतर तिला सरळ व मोकळा मार्ग देणे, गाळणी स्वच्छ ठेवणे आणि अखेरीस खोलीतून तिच्या बाहेर जाण्याची सोय करणे, हा क्रम विवेकाचा ठरतो. महाविद्यालयांनी यंत्रखरेदीच्या निविदांत पंख्यांची संख्या नोंदविण्याऐवजी, खोलीच्या ३५ अंश तापमानात पूर्ण भाराखाली तापमानवाढ किती, ही एक अट घातली तरी बराच अपव्यय टळेल. विद्यार्थ्यांनी हे मापन प्रयोगशाळेतच करून पाहिले, तर त्यांना उष्मागतिकीचा एक धडा स्वतःच्या यंत्रावरच शिकता येईल.