दोन साध्वी आणि त्यांचे चरित्रकार

देवबाग येथे उन्हाळ्याच्या सुटीत आमचा मुक्काम असता शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून दोन साध्वींची चरित्रे आमच्या हाती आली. एका अंगास कर्ली नदी व दुसऱ्या अंगास समुद्र, अशा त्या चिंचोळ्या भूमीवर आम्ही ती वाचून काढली. मराठी वाचकास संतचरित्रे नवी नाहीत. ख्रिस्तकथाही नवी नाही, कारण फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच गोव्यात छापले गेले. प्रश्न एवढाच की, घरच्या मुलींच्या हाती जाणारी अशी चरित्रे कशी लिहिली जावीत?

दोघींचाही जन्म १९१० च्या ऑगस्ट महिन्यातला, अवघ्या आठवड्याच्या अंतराचा. केरळातील सिस्टर अल्फोन्सा दीर्घ आजार सोसून १९४६ साली भरणंगानमच्या मठात वारल्या. २००८ साली त्यांस संतपद मिळाले व हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. आई तान्हेपणीच गेलेली, मावशीने वाढविलेले. लग्नाचा आग्रह होऊ लागला तेव्हा, १९२३ साली, तो टळावा म्हणून या मुलीने धुमसत्या भुशाच्या खड्ड्यात पाय घातले, असे चरित्रकार सांगतात. आणि तिचे व्रत वाखाणून पुढे जातात. आमचा आक्षेप येथेच आहे. मुलीने तोंडाने दिलेला नकार घरात का ऐकला गेला नाही, हे कोणी विचारीत नाही. सोशिकपणाची स्तुती करताना तो सोसावयास लावणारे सहज सुटून जातात.

मदर तेरेसा यांच्या चरित्रास मात्र २००७ साली वेगळे वळण लागले. आपली खासगी पत्रे नष्ट करावीत, ही त्यांची इच्छा बाजूस सारून ती प्रसिद्ध करण्यात आली. ईश्वराचे सान्निध्य जाणवत नाही, अंतरात केवळ काळोख आहे, असे त्यांनी आपल्या धर्मगुरूंस वर्षानुवर्षे कळविले होते. तरीही रुग्णसेवा सुटली नाही. पत्रे छापण्याच्या औचित्याविषयी मतभेद होईल. परंतु त्यांमुळे मूर्तीच्या जागी माणूस दिसू लागला, हे नाकारता येत नाही. २०१६ साली त्यांस संतपद मिळण्याच्या आड ही पत्रे आली नाहीत.

चरित्र श्रद्धेसाठी वाचावे, चिकित्सेसाठी नव्हे, असे भाविक म्हणतील. पण आमच्या बहिणाबाईंनी सतराव्या शतकात आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत पतीने केलेली मारहाण झाकून ठेविली नाही. त्यामुळे त्यांची भक्ती उणी ठरली काय? उलट, ती कोणत्या घरात व काय भोगून टिकली, हे कळल्याने तिचे मोल वाढले. दुःख हेच पुण्य, असे शिकविणारे पुस्तक मुलीस मुकी करील. दुःखाचे कारण दाखविणारे तिला शहाणी करील. अल्फोन्सांचे असे चरित्र कोणी मराठीत लिहील, तर आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करू.