झाडूची उपमा अपुरी

श्वासनलिकेतील केसांसारख्या रोमकांना वर्गात हमखास झाडूची उपमा दिली जाते. ती सोपी, पण अपुरी आहे. झाडू नुसता झिजतो. श्वासनलिकेचे अस्तर मात्र नव्याने घडत राहते. त्यातील तळपेशींपासूनच रोमकधारी व श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी बनतात. पेशीत क्रियाशील ऑक्सिजन वाढला, की ‘एनआरएफ-२’ हे प्रथिन ‘नॉच’ संदेशमार्ग चालू करते आणि तळपेशी विभागू लागतात, हे २०१४ साली दिसून आले. धूम्रपानासारखा मारा वर्षानुवर्षे चालला, तर श्लेष्मापेशी वाढतात, रोमक घटतात, कफ साचतो. अंबरनाथच्या कारखान्यांच्या परिसरातील पालेगावात एखादा विद्यार्थी ‘धूर अंगवळणी पडतो’ म्हणाला, तर शिक्षकांनी हा बदल फळ्यावर काढून दाखवावा.