खेळण्यांतील उपहास आणि संग्रहालयाचे कपाट

व्यंगचित्राचा जीव व्यक्तीच्या वेगळेपणात असतो. पुढाऱ्याचे नाक चित्रकाराने कितीही लांबविले, तरी ते त्याचेच राहते. सबंध मानवसमूहास एकच तोंड चिकटविणाऱ्या आकृतीस व्यंगचित्र म्हणावे काय, हा प्रश्न अमेरिकेतील एका जुन्या खेळण्यामुळे आम्हांस पडला.

हे खेळणे म्हणजे बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीचा बिडाचा गल्ला. त्याचे पेटंट १८८२ चे. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी सतरा वर्षे झाली होती. कृष्णवर्णीय माणसाचा अर्धपुतळा, लालभडक जाड ओठ, वटारलेले डोळे. मुलाने त्याच्या तळहातावर नाणे ठेवून मागची कळ दाबावी, की हात वर जातो, नाणे तोंडात पडते आणि डोळे गरकन फिरतात. गल्ल्याच्या नावातही शिवीच होती. आणि मुलांना शिकवायची होती म्हणे बचत! आमच्या मते या खेळण्याचा विखार रंगरूपाहून त्या कळीत अधिक आहे. चित्र पाहणारा मान फिरवू शकतो. येथे मुलाने कळ दाबल्यावाचून थट्टा घडतच नाही.

गॉलिवॉगची कथा निराळी. फ्लॉरेन्स अप्टन यांनी १८९५ च्या चित्रपुस्तकात त्यास आणले ते स्नेहाळ सोबती म्हणून. परंतु त्याचा चेहरा तोंडाला काळे फासून नाचणाऱ्या गोऱ्या नटांच्या सोंगातून आला होता. बाईंनी हक्क राखून ठेवले नाहीत. कारखानदारांनी तो चेहरा उचलला, मूळचा सद्भाव मात्र पुस्तकातच राहिला. एनिड ब्लायटन यांच्या १९५१ च्या एका नॉडी-पुस्तकात तर तो मोटारचोर झाला. नॉडीची पुस्तके आपल्याकडील मुलांच्याही हाती आली आहेत. पुढील आवृत्त्यांत गॉलिवॉगच्या जागी दुसरी पात्रे घातली गेली. मुलांच्या पुस्तकापुरते ते योग्यच झाले.

मग जुन्या वस्तू तरी कशास जपाव्या? डेव्हिड पिलग्रिम या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञांनी लहानपणी अलाबामातील मोबील येथे अशीच एक वस्तू विकत घेऊन जमिनीवर आपटून फोडली. पुढे त्यांनीच अशा दोन हजारांहून अधिक वस्तू जमवून १९९६ मध्ये मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठास दिल्या. तेथील जिम क्रो संग्रहालयात ही खेळणी वर्णभेदाचे कायदे आणि हिंसाचार यांच्या इतिहासाशेजारी मांडलेली आहेत. प्रदर्शनाने अपमान पुन्हा ताजा होतो, हा आक्षेप आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. तथापि शौकिनांच्या बाजारात हाच गल्ला रंग किती शाबूत आहे आणि कळ चालते की नाही, एवढ्यावरच जोखला जातो. फोडून टाकलेल्या वस्तूविषयी तर, ती निरुपद्रवी गंमत होती, असे उद्या कोणीही खुशाल म्हणेल.

म्हणून संग्रहालयांकडून आमची अपेक्षा साधी आहे. कपाटातील चिठ्ठीवर ‘बीड, रंगीत, १८८२’ एवढेच नसावे. कळ दाबताच काय होत असे आणि ती दाबण्यासाठी कोणाच्या हाती दिली जात असे, हेही त्याच चिठ्ठीवर, त्याच टाइपात छापलेले असावे.