सहाव्या वचनानंतर

नागपुरात सदरला, मोहननगरात किंवा कामठीत कुठल्याही ख्रिस्ती लग्नाला जा, मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातला तोच तुकडा बहुतेक वेळा कानावर पडतो. देवानं आरंभी नर आणि नारी घडवली, लग्नानं दोघं एक झाली, आणि देवानं जोडलेलं माणसानं मोडू नये. हे झालं की वाचणारा बायबल मिटतो, पाळक वधूवरांकडे वळतात, व्हिडिओवाला पुढे सरकतो. वाचन चौथ्या वचनाला सुरू होऊन सहाव्याला संपतं. मी वर्षानुवर्षं इतकंच ऐकलं. बोलणं मात्र सहाव्या वचनाला संपत नाही. लग्नाचाच विषय चालू असताना बाराव्या वचनात येशू अशा माणसांबद्दल बोलतो, ज्यांचा उल्लेख मांडवात कुणी करत नाही.

नागपूरकरांना मत्तय तसा परका नाही. १८९३ मध्ये नागपूरवरून पुढे राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि डोंगरावरच्या प्रवचनानं टिळकांना धरून ठेवलं, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. ते प्रवचन पाचव्या ते सातव्या अध्यायात आहे. तिथून बारा अध्याय पुढे गेलं की आपली जागा येते. टिळकांसारखा कवी तिथे थांबला असता तर त्याला काय दिसलं असतं, असं मला अनेकदा वाटतं, कारण या वचनाची बांधणी कवितेसारखी आहे.

आधी प्रसंग पाहू. परूशी येतात आणि घटस्फोटाचा प्रश्न टाकतात. पुरुषानं वाटेल त्या कारणावरून बायको सोडावी का? येशू उत्पत्तीच्या पुस्तकाकडे जातो आणि नर-नारीची आठवण देतो. परूशी मोशेचं सूटपत्र पुढे करतात, येशू त्यालाही उत्तर देतो. शिष्य मात्र हबकतात. लग्नाचे नियम इतके कडक असतील तर लग्न न केलेलंच बरं, असं ते म्हणतात. (बायको सोडता येणार नाही म्हटल्यावर पुरुषांना लग्नच नकोसं होतं. दोन हजार वर्षांत फार काही बदललेलं नाही.) या कुरकुरीवर जे उत्तर येतं ते बारावं वचन.

त्यात तीन प्रकारची माणसं आहेत. आईच्या पोटातूनच तशी आलेली, माणसांनी तशी केलेली, आणि स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःच तशी झालेली. मूळ ग्रीकमध्ये षंढ या अर्थाचा एकच शब्द या एका वाक्यात पाच वेळा वाजतो, तीनदा नाम म्हणून आणि दोनदा क्रियापद म्हणून. मी बराच वेळ पुढे वाचत गेलो आणि मग मागे आलो, कारण हिशेब बरोबर बसत नव्हता. प्रकार तीन, नामं तीन, मग क्रियापदं दोनच का? दुसऱ्या प्रकाराला क्रियापद आहे, कुणीतरी त्यांना तसं केलं. तिसऱ्यालाही आहे, त्यांनी स्वतःला तसं केलं. पहिल्याला नाही. त्यांच्यावर कुणी काही केलेलं नाही. ते फक्त 'तसे' जन्मले. 'तसे' म्हणजे कसे, हे येशू सांगत नाही. रोग म्हणत नाही, शाप म्हणत नाही, कुणाच्या पापाचं फळ म्हणत नाही, बरं करण्याची भाषाही नाही. एरवी आंधळ्या-पांगळ्यांना बरं करणारा हा माणूस इथे नुसतं 'आहेत' म्हणतो आणि पुढे जातो. तिन्ही प्रकारांची सुरुवात त्या एकाच 'आहेत'नं होते. मला या वचनातली सगळ्यात मोठी गोष्ट हे साधं क्रियापद वाटतं.

आणि मोजणी सुरू होते ती जन्मतः तसे असलेल्यांपासून. यहुदी धर्मशास्त्राला हा भेद आधीच माहीत होता. माणसानं केलेला तो वेगळा, आणि जन्मतः तसा तो 'सूर्याचा', म्हणजे ज्या क्षणी सूर्य पाहिला त्या क्षणापासूनच तसा. म्हणजे येशूनं काही नवं शोधलं नाही. ऐकणाऱ्यांना ही माणसं गावात, बाजारात, देवळाच्या अंगणात दिसत होती. नवं हे की त्यांना त्यानं लग्नाच्या चर्चेत आणलं. मार्काच्या दहाव्या अध्यायात हाच घटस्फोटाचा वाद आहे, नर-नारी आहेत, त्यापुढचा लहान मुलांचा प्रसंगही आहे. हे वचन मात्र नाही. ते मत्तयानं एकट्यानं जपलं.

इथे एक सावधगिरी हवी. आज आपण इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतो तेव्हा गुणसूत्रं, संप्रेरकं, आतले-बाहेरचे अवयव अशा अनेक पातळ्यांवरची विविधता मनात असते. बाहेरून पाहून बाळाचं लिंग लगेच ठरवता येत नाही असं साधारण साडेचार हजार जन्मांत एकदा घडतं, आणि काहींचं वेगळेपण तर वयात येईपर्यंत कुणाला कळत नाही. पहिल्या शतकातला शब्द हे सगळं पोटात घेऊन येत नाही. त्याचा रोख मूल न होण्यावर आणि शय्येवर होता. तरीही 'आईच्या पोटातून तसे' हे शब्द या माणसांच्या इतके जवळ येऊन उभे राहतात की त्यांना ओलांडून जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

मराठी भाषांतरात तर आणखी एक गंमत होते आणि एक अडचणही. आपल्या बायबलमध्ये या लोकांसाठी 'नपुंसक' आणि 'षंढ' हे शब्द वाचायला मिळतात. दोन्ही आज शिव्या आहेत. निवडणुकीच्या सभेत विरोधकाला हाणायला वापरतात. पण 'नपुंसक' हा शब्द आपण पहिल्यांदा ऐकतो तो शाळेत, व्याकरणाच्या तासाला, आणि तिथे त्याला कसलाही डाग नसतो. संस्कृत व्याकरणात त्याची फोड 'ना स्त्री ना पुरुष' अशी करतात. मराठीनं ते तिसरं लिंग टिकवलं. सदरच्या बाजारात जी हिंदी चालते तिच्यात ते नाही, तिथे खुर्चीलासुद्धा स्त्री किंवा पुरुष व्हावं लागतं. आपण मात्र 'ते बाळ' म्हणतो. ते मूल, ते लेकरू, ते पोर. मेयो हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डाबाहेर उभी असलेली आजी आधी 'कसं आहे बाळ?' विचारते, मग 'मुलगा की मुलगी?'. त्या दोन प्रश्नांच्या मधल्या क्षणी मराठीत प्रत्येक माणूस 'ते' असतो. व्याकरणाला त्या क्षणाची घाई नाही. घाई दुसऱ्या प्रश्नाला असते.

चर्चनं पुढे या वचनाचं काय केलं, तो इतिहास थोडक्यात आटोपतो. आद्य ख्रिस्ती विद्वान ओरिगेननं तिसरा प्रकार अक्षरशः घेतला आणि स्वतःवर शस्त्र चालवलं, असं चर्चचा इतिहासकार युसेबियस सांगतो. ३२५ साली नायसियाच्या परिषदेनं पहिलाच नियम असा केला की स्वतःला तसं करून घेणाऱ्याला धर्मसेवक होता येणार नाही, पण आजारपणात वैद्यानं केलं असेल किंवा मालकानं जबरदस्तीनं केलं असेल तर आडकाठी नाही. ऑगस्टीननं 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या सोळाव्या भागात दोन्ही लिंगांची लक्षणं असलेल्यांचा उल्लेख केला. असे लोक विरळ, पण कधीच नव्हते असा काळ सापडणं कठीण, असं त्याचं म्हणणं. त्यांना नाव मात्र 'वरच्या' लिंगाचं, म्हणजे पुरुषाचं, द्यायची रीत आहे, असंही तो नोंदवतो. अस्तित्व मान्य, नाव दोनांपैकी एक. हाच तोडगा पुढे शतकानुशतकं चालला.

माझी खरी तक्रार वेगळ्याच वाचनाबद्दल आहे. जन्मतः तसे असलेल्यांना 'तुमच्यासाठी ब्रह्मचर्य नेमलेलं आहे' असं सांगताना हेच वचन काढलं जातं. नीट वाचलं तर ते तसं म्हणत नाही. स्वर्गाच्या राज्यासाठी लग्न सोडणारे ते तिसरे, आणि त्यांनी ते स्वतः पत्करलेलं आहे. पहिल्यांवर ते लादलं की त्यांना गुपचूप दुसऱ्या प्रकारात ढकलल्यासारखं होतं, माणसांनी तसं केलेल्यांमध्ये. तीन वेळा 'आहेत' म्हणून येशूनं जे वेगळं ठेवलं ते आपण एका पिशवीत कोंबतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या सॅली ग्रॉस यांची हकिकत इथे आठवते. जन्मतः त्यांना मुलगा ठरवलं गेलं, पुढे त्या डॉमिनिकन संघात पुरोहित झाल्या, आणि आपलं शरीर आंतरलिंगी आहे हे पुढे आल्यावर ते पद सुटलं. तू ना स्त्री ना पुरुष, म्हणून तुझा बाप्तिस्माच खरा नाही, असं सांगणारे ख्रिस्ती लोक त्यांना भेटले. अशा वेळी मला 'प्रेषितांची कृत्ये'मधला आठवा अध्याय दिसतो. इथिओपियाच्या राणीचा तो खजिनदार, बायबलच्या शब्दांत षंढ, रथात बसून यशया वाचतोय. वाटेत पाणी दिसतं आणि तो फिलिप्पाला विचारतो, बाप्तिस्म्याला आता अडचण कसली? 'अनुवाद' या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायानं अशा माणसाला देवाच्या मंडळीबाहेर ठेवलं होतं. यशयाच्या छप्पन्नाव्यानं त्यालाच मुलाबाळांहून मोठं नाव देऊ केलं. फिलिप्प कुठलंच पान उघडत नाही. दोघं पाण्यात उतरतात.

आजचे कर्मठ पंथही या वचनापाशी आल्यावर जरा अडखळतात, आणि ते अडखळणं वाचण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या परंपरावादी इव्हँजेलिकल मंडळींचं २०१७ चं नॅशव्हिल निवेदन नर-नारी भेदावर ठाम आहे. तरी त्याचं सहावं कलम हेच वचन पुढे करून जन्मतः वेगळ्या शरीराच्या माणसांची प्रतिष्ठा इतरांइतकीच मानतं, आणि त्यांनी आपलं जैविक लिंग स्वीकारावं म्हणताना 'जितकं कळू शकेल तितकं' अशा अर्थाची पुस्ती जोडतं. कॅथलिक धर्मसंहितेच्या १०८४ व्या नियमात लग्नाआधीपासूनची कायमची संभोग-असमर्थता लग्न रद्द ठरवते. मूल न होणं ठरवत नाही. आणि अडथळ्याबद्दल शंका असेल तर लग्न अडवू नये, असंही तोच नियम सांगतो. दोन्हीकडे न कळण्याला जागा ठेवावी लागली. व्हॅटिकनच्या २०१९ च्या दस्तऐवजात लिंग स्पष्ट नसेल तेव्हा उपचार डॉक्टरांनी करावा, आईवडिलांनी मनमानी निवड करू नये, असा सूर होता. २०२४ च्या 'डिग्निटास इन्फिनिटा'मध्ये वाक्याचा कर्ता बदलला. अशा व्यक्तीला वैद्यकीय मदत घेणं निवडता येईल, असं तिथे आहे. निवड व्यक्तीची. चार महिन्यांचं बाळ निवड करत नसतं.

हे सगळं रोममध्ये आणि नॅशव्हिलमध्ये घडतं, आपल्या गावात काय, असं कुणी म्हणेल. आपलं गाव यात बरंच पुढे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चपंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते नागपुरात. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांची राष्ट्रीय परिषद, नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, हिचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. लैंगिक विविधतेवर चर्चांशी बोलायचं काम या परिषदेनं अंगावर घेतलं. २०१७ मध्ये रॉजर गायकवाड आणि थॉमस निनान यांनी संपादित केलेलं धर्मशास्त्रीय वाचनांचं पुस्तक त्याच कामातून आलं. सगळ्या सभासद चर्चांनी ते डोक्यावर घेतलं असं नाही. पण विषय टेबलावर आला तो इथून.

ख्रिस्ती लग्नाचा कायदा मात्र १८७२ चाच आहे. त्याच्या परिशिष्टातल्या नमुना अर्जात एक जेम्स स्मिथ आहे, विधुर, धंद्यानं सुतार, आणि एक मार्था ग्रीन, अविवाहित. दीडशे वर्षं ती दोघं तिथे लग्नाची वाट पाहत उभी आहेत. तिसऱ्या कुणाची कल्पना त्या अर्जाला नाही, पण मनाईही त्यात लिहिलेली नाही. तुतीकोरिनच्या एका वधूच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयानं एप्रिल २०१९ मध्ये 'वधू' या शब्दाचा अर्थ रुंदावला आणि त्याच निकालात आंतरलिंगी बाळांवरच्या, जिवावर बेतलेलं नसताना केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारनं तसा आदेश काढला. लग्न हिंदू कायद्याखालचं होतं, पण लग्न आणि तान्हं बाळ या दोन गोष्टी एकाच निकालात आल्या, हे मला मत्तयाच्या या अध्यायाशी जुळणारं वाटतं.

कारण बाराव्या वचनानंतर तेरावं येतं. लोक लहान मुलांना येशूकडे आणतात, त्यानं हात ठेवावेत म्हणून. शिष्य दटावतात. तो म्हणतो, येऊ द्या. ग्रीकमध्येही मुलांसाठीचा तो शब्द नपुंसकलिंगीच आहे, आपल्या 'ते बाळ'सारखा. मत्तयानं हे दोन प्रसंग मुद्दाम शेजारी ठेवले असा माझा दावा नाही. त्याच्या हातात आलेल्या सामग्रीतच ते तसे आले असतील. वाचकाला मात्र शेजार दिसतो. एका वचनात शरीरावर माणसांनी चालवलेलं शस्त्र आहे, पुढच्यात तान्ह्याच्या डोक्यावर ठेवलेला हात आहे. शरीरातले क्षार ढासळून जीव जाण्याची वेळ आली तर बाळाला औषध तातडीनं द्यावंच लागतं, त्यात वाद नाही. पण बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं म्हणून तान्ह्याला कापायचं, तेव्हा आपण दटावणाऱ्या शिष्यांच्या बाजूला उभे असतो.

बाराव्या वचनाचा शेवट राहिला. ज्याला जमेल त्यानं हे घ्यावं, असा अर्थ आपण लावतो. तिथलं ग्रीक क्रियापद जागेचं आहे. मावणं, सामावणं. योहानाच्या दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नात दगडी रांजणांत किती पाणी मावे ते सांगताना हेच क्रियापद आलंय. म्हणजे प्रश्न त्या माणसांच्या शरीराला विचारलेला नाही. ऐकणाऱ्याला विचारलाय, तुझ्यात हे मावतं का?

पुढच्या लग्नात वाचन करायची पाळी तुमच्यावर आली तर सहाव्या वचनाला बायबल मिटू नका. तिथून पंधराव्यापर्यंत सावकाश वाचलं तरी दोन मिनिटंही लागत नाहीत.