मेण : एक परीक्षण

मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं आणि फावल्या वेळात पुस्तकांची परीक्षणं लिहिली. मानधन म्हणून ते पुस्तकच मिळायचं. त्यामुळे न वाचवणाऱ्या पुस्तकांचा शिराळा तालुक्यातला सर्वांत मोठा संग्रह माझ्याकडे असावा. आता पुस्तकं यायची थांबली, पण खोड थांबली नाही. समोर येईल त्याचं परीक्षण करतो. सौ. म्हणते, आमटीला तरी सोडा.

यंदा मे महिन्यात पुतण्या आला. तो चेन्नईला नोकरी करतो आणि रविवारी कोवलमच्या समुद्रात लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभा राहतो. आमच्या मोरणा नदीत उन्हाळ्यात लाट बघायची तर म्हैस पाण्यात उतरायची वाट पाहावी लागते, तेव्हा हा छंद घराण्यातला नव्हे. त्या फळीवर पाय घसरू नये म्हणून तिला मेण घासतात. त्यात मुख्यतः पॅराफिन, कधी थोडं मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल. थंड समुद्राला मऊ मेण, उष्ण समुद्राला कडक, अशा त्याच्यात जाती आहेत. याला कुणा मित्रानं कॅलिफोर्नियाहून आणून दिलेली वडी थंड पाण्याची, म्हणजे जातीनं मऊ. ती यानं गाडीत पुढच्या काचेखाली ठेवली आणि पेठ नाक्यावर उसाचा रस प्यायला उतरला. परत येऊन बघतो तो काय! वडी कागदातून निघून चष्म्यात, चष्म्यातून गाडीच्या कागदपत्रांत आणि तिथून आजीसाठी घेतलेल्या पेढ्यांच्या पुड्यात शिरलेली. अस्सल मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांवर वितळतं आणि मे महिन्यातल्या बंद गाडीची पुढची फळी सत्तरीला टेकते. तिथं या मवाळ पाहुण्याचा काय निभाव लागणार?

पेढे कुणी खाल्ले नाहीत. मी मात्र परीक्षणाला बसलो. आशय उत्तम, वास उत्तम, पण मांडणीत लेखक सपशेल फसला आहे. वितळणारी वस्तू आणि वेष्टण कागदाचं! कवितासंग्रहाला तांबड्या रेक्झिनचं कव्हर घालावं तसला हा प्रकार. निदान तो संग्रह पेढ्यात तरी शिरत नाही.

आई आतून ऐकत होती. तिनं मेणाला बोट लावलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "मेण चांगलं हाय रं. पर त्येला डबी कुठाय?"

माझ्या चार परिच्छेदांचं तिनं एका वाक्यात भागवलं.

डबी तिच्या फणेरपेटीत होती. तरुण वाचकांसाठी सांगतो. टिकल्या आल्या त्यापूर्वी बाया कपाळाला आधी मेण लावत आणि त्यावर पिंजर टेकवत. मेण नसेल तर दुपारपर्यंत कुंकू नाकावर. म्हणजे फळीवर पाय टिकवायचा तोच धंदा, फक्त कपाळावर. मधमाश्यांचं मेण खोबरेलात कढवून, गाळून, बोटाला लागेल इतपत मऊ करायचं. प्रवासाला निघताना डबीत सुपारीएवढंच घ्यायचं, वर घट्ट झाकण. डबी लाकडी पेटीत, पेटी लुगड्यांच्या घडीत मधोमध. लाकूड आणि कापड, दोन्ही उन्हाला सहजासहजी आत येऊ देत नाहीत. कुंकवाचा करंडा निराळा, कारण मेण आणि पिंजर डब्यात एकत्र आले की दोन्ही फुकट, आणि कपाळावर एकत्र आले नाहीत तरी फुकट. मर्ढेकरांनी संवादलय, विरोधलय आणि समतोललय सांगितली. ती तिन्ही या वीतभर पेटीत सापडतात, हे मी पुतण्याला समजावत होतो तर त्याला जांभई आली. ज्या जिल्ह्यात हळद हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत साठवत, त्या जिल्ह्यातल्या बाईला वस्तू कुठं ठेवावी हे कुणी शिकवायला नको होतं.

पेटीबद्दल आणखी एक लिहायला हवं. टाळणार होतो.

वडील १९९१ साली गेले. करंडा रिकामा झाला, पेटीच्या झाकणातला आरसा भिंतीकडे तोंड करून बसला. मेणाची डबी तेवढी वापरात राहिली, कारण गोधडी शिवताना दोऱ्याला मेण लागतं. मी तेव्हा विधवांच्या दुःखावरल्या एका कादंबरीचं परीक्षण लिहीत होतो. 'लेखकाची सामाजिक जाणीव तोकडी पडते' असं वाक्य त्यात होतं, आणि ते मला फार आवडलं होतं.

पुढे मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रक निघालं. मी पेपर घेऊन आईपुढे उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, "आई, आता कुंकू लावायला हरकत नाही."

तिनं सुईत दोरा ओवला. म्हणाली, "हरकत कुनाची हुती? येकतीस वरसं घरात तूच हुतास न्हवं?"

माझ्या लेखनावर इतकी नेमकी टीका आजवर कुणी केलेली नाही.

असो. पुतण्या निघाला त्या सकाळी आईनं पेटी उघडली. डबीतलं आपलं मेण नखानं खरवडून काढलं, त्याची गोळी करून देवळीत ठेवली आणि डबी त्याच्यापुढे केली. मी म्हणालो, "अगं, जुनी वस्तू आहे, घरात राहू दे." मला ती कपाटात पुस्तकांशेजारी ठेवायची होती. ती म्हणाली, "तुज्या कपाटात काय मेण हाय?" मग काचेखालून निघालेलं मेण तिनं डबीत अंगठ्यानं दाबून बसवलं, झाकण लावलं आणि पुतण्याला सांगितलं, "कापडाच्या घडीत मधी ठेव. म्होरं ठिवू नगंस." अंगठ्याला मेण राहिलं होतं. तिनं तो क्षणभर पाहिला आणि पदराला पुसला. आरसा समोरच होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पुतण्याला टोलसाठी सुटे आहेत का विचारलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मेण शाबूत पोचलं. फक्त फळीला घासताना त्यात गोधडीचा एक लाल दोरा निघाला. तो काही केल्या सुटत नाही, फळीलाच चिकटून बसलाय, काढू का, असं तो विचारत होता. मी फोन आईकडे दिला.