‘तू’ : माओरी भाषा आणि हेवी मेटलची एक ध्वनिमुद्रिका

१

संकटात सापडलेल्या भाषेत एखादी कलाकृती निर्माण झाली, की तिच्या परीक्षणात एक विशिष्ट प्रकारचे औदार्य शिरते. या भाषेत कोणी काही रचले हेच पुष्कळ झाले, असे मानून गुणदोषांची चिकित्सा बाजूस ठेवली जाते. हे औदार्य वरवर सहृदय वाटले तरी परिणामी ते उपेक्षेचेच एक रूप होय. कारण ज्या भाषेतील निर्मितीला कसोटी लावली जात नाही, ती भाषा जिवंत व्यवहारातून निघून संग्रहालयात जाऊन बसते. न्यूझीलंडमधील ‘एलियन वेपनरी’ या वाद्यवृंदाची ‘तू’ ही ध्वनिमुद्रिका १ जून २०१८ रोजी ऑस्ट्रियातील ‘नॅपाम रेकॉर्ड्स’ या संस्थेने प्रसिद्ध केली. तिच्या वाट्याला आलेले पुष्कळसे कौतुक या प्रकारचे आहे. प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या ध्वनिमुद्रिकेत माओरी भाषा वरून घातलेला अलंकार आहे, की तिच्यावाचून ही रचना उभीच राहिली नसती?

नावासंबंधी प्रथमच एक खुलासा आवश्यक आहे. देवनागरीत ‘तू’ असे लिहिले जाणारे हे नाव मराठी सर्वनामासारखे दिसते; परंतु दोहोंचा काही संबंध नाही. माओरीत ‘तू’ म्हणजे उभे राहणे. युद्धदेवता तूमाताउएंगा हिच्या नावाचे संक्षिप्त रूपही ‘तू’ असेच होते. या एका शब्दात ठामपणे उभे राहणे आणि युद्ध हे दोन्ही अर्थ सामावलेले असून ध्वनिमुद्रिकेचा सारा आशय त्या दोहोंमध्ये विभागला गेला आहे.

२

या वाद्यवृंदाची घडण समजून घेण्यासाठी माओरी भाषेचा अलीकडचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी माध्यम रूढ करण्याचे धोरण आले. पुढील शतकभरात भाषा घरांतूनही मागे सरत गेली. १९७२ साली तीस हजारांहून अधिक स्वाक्षऱ्यांचा अर्ज संसदेस सादर करून माओरीला शाळांत स्थान मागण्यात आले. १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ म्हणजे भाषेची घरटी ही बालशिक्षणाची चळवळ आणि १९८५ मध्ये ‘कुरा काउपापा’ ही माओरी माध्यमाची शाळा सुरू झाली. १९८७ मध्ये भाषेला अधिकृत दर्जा मिळाला.

लुइस आणि हेन्री डी याँग हे बंधू अशाच माओरी माध्यमाच्या शाळेत शिकले. तेथे गीते आणि हाका हा दिनक्रमाचा भाग होता. २०१० मध्ये त्यांनी वाद्यवृंद स्थापन केला तेव्हा ते अनुक्रमे आठ आणि दहा वर्षांचे होते. पुढे ईथन ट्रेम्बाथ हा बेसवादक त्यांना येऊन मिळाला. लुइस गातो व गिटार वाजवतो, हेन्री ड्रम वाजवतो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या शालेय वाद्यवृंदांच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी एकाच वर्षी जिंकल्या. ‘उरुता’ हे गीत २०१६ मध्ये आणि ‘राउपातू’ २०१७ मध्ये स्वतंत्रपणे पुढे आले. ‘शिहाड’ या न्यूझीलंडच्याच वाद्यवृंदाचा त्या वेळचा ड्रमवादक टॉम लार्किन याने निर्मितीची बाजू सांभाळली. ध्वनिमुद्रिका पूर्ण झाली तेव्हा बंधूंनी विशीही गाठलेली नव्हती. तात्पर्य, ही कृती पुनरुज्जीवनाच्या शाळेतून निघालेल्या पिढीची आहे. जुन्या गायकांनी नवे वाद्य हाती घेतले, असा हा प्रकार नव्हे.

३

हेवी मेटलचा उगम सामान्यतः १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदापाशी मानला जातो. विद्युत्-गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला नाद, अतिद्रुत आघात आणि कंठ ताणून केलेले गायन ही या परंपरेच्या १९८० नंतरच्या ‘थ्रॅश’ शाखेची लक्षणे होत. अशा गायनात शब्द ऐकू येत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. मग जी भाषा ऐकू यावी म्हणून एवढा खटाटोप, तीच या कोलाहलात लोटण्याचे प्रयोजन काय?

याचे उत्तर माओरीच्या ध्वनिव्यवस्थेत सापडते. या भाषेत दहा व्यंजने आणि पाच स्वर असून प्रत्येक स्वराला ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन रूपे आहेत. जोडाक्षर नाही आणि शब्दाच्या अंती व्यंजनही येत नाही. प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. इंग्रजीत व्यंजनांच्या गुंत्यात अर्थ अडकलेला असतो. ओरडून गाताना तो गुंता प्रथम मोडतो आणि शब्द हरवतो. माओरीत आवाज स्वरावर उघडाच राहतो, त्यामुळे ताणलेल्या कंठातही अक्षरांची गणती शाबूत राहते. शिवाय हाकाच्या परंपरेत छातीतून काढलेला आवाज, पायांचा ठेका आणि समूहघोष यांची सवय भाषेला पूर्वीपासूनच आहे. ‘काई तांगाता’ मधील घोष ऐकताना मेटलची शैली भाषेवर लादलेली वाटत नाही, याचे कारण हे.

स्वरांच्या लांबीचा मुद्दा मराठी अभ्यासकाच्या नजरेतून निसटण्याचा संभव आहे. मराठीत इ-ई, उ-ऊ हा भेद लेखनात काटेकोर असला तरी उच्चारात तो बहुतांशी स्थानावर अवलंबून असतो. माओरीत लांबी अर्थभेदक आहे: ‘वहिने’ म्हणजे स्त्री, ‘वाहिने’ म्हणजे स्त्रिया. ही लांबी कशी लिहावी याविषयी दोन मते आहेत. भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्स यांनी स्वरचिन्ह दोनदा लिहिण्याचा पुरस्कार केला. माओरी भाषा आयोगाने अक्षरावर आडवी रेघ देण्याची पद्धत स्वीकारली. या ध्वनिमुद्रिकेच्या रोमन लेखनात दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. ‘तू’ वर रेघ आहे, तर ‘उरुता’ च्या अंत्य स्वराचे चिन्ह दोनदा लिहिले आहे. संपादनदृष्ट्या ही विसंगती खरी. परंतु लेखनाच्या वादातून अद्याप पुरती बाहेर न पडलेल्या भाषेची ती प्रामाणिक खूणही आहे.

४

आशयाच्या दृष्टीने ‘रू आना ते फेनुआ’ हे या संग्रहातील सर्वांत समर्थ गीत होय. २९ एप्रिल १८६४ रोजी ताउरांगाजवळ पुकेहिनाहिना येथे जनरल कॅमेरनच्या सुमारे १७०० ब्रिटिश सैनिकांना सुमारे २३० माओरी योद्ध्यांनी मातीच्या तटबंदीतून परतवून लावले. इंग्रज इतिहासकार या लढाईला गेट पा या नावाने ओळखतात. तोफांचा प्रचंड भडिमार चालू असताना योद्धे जमिनीत खणलेल्या खंदकांत आणि झाकलेल्या आश्रयस्थानांत टिकून राहिले. डी याँग बंधूंचा पूर्वज ते आहोआहो या लढाईत मारला गेला.

गीताच्या नावाचा अर्थ ‘भूमी हादरत आहे’ असा. परंतु हे मराठी भाषांतर वाक्याचा क्रम उलटवते. माओरीत क्रियापद प्रथम येते: ‘रू’ म्हणजे हादरणे, ‘आना’ हा क्रियेचे सातत्य दाखविणारा निपात, ‘ते’ हे उपपद आणि अखेरीस ‘फेनुआ’ म्हणजे भूमी. कंप आधी जाणवतो, काय कंपते ते नंतर कळते. खंदकात दडलेल्या माणसाच्या अनुभवाचा क्रम हाच. ड्रमचे आघात भाषेने आधीच सिद्ध केलेला हा क्रम पुढे चालवतात. ‘फेनुआ’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. नाळेसोबत येणारी वार हिलाही माओरीत ‘फेनुआ’ म्हणतात, आणि ती भूमीत पुरण्याची प्रथा आहे. म्हणून हादरणारी भूमी येथे केवळ रणभूमी राहत नाही.

याच सूत्राने ‘राउपातू’ कडे जाता येते. ‘राउपातू’ म्हणजे बळाने हिरावून घेणे. १८६३ च्या न्यूझीलंड सेटलमेंट्स कायद्याने ‘बंडखोर’ ठरविलेल्या टोळ्यांच्या जमिनी जप्त करण्याचा अधिकार सरकारला मिळाला; ताउरांगाच्या जमिनीही १८६५ मध्ये त्याच्या कक्षेत आल्या. या गीतात माओरी आणि इंग्रजी एकत्र येतात, आणि त्यांचे मिश्रण सहेतुक आहे. हिरावणाऱ्याला उद्देशून जे बोलायचे ते त्याच्या भाषेत बोलले जाते. मात्र जे हिरावता येणार नाही त्याची नावे, म्हणजे ‘माना’ ही प्रतिष्ठा आणि ‘माओरीतांगा’ हे माओरीपण, इंग्रजी वाक्यातही अनुवादित होत नाहीत. येथे वाक्यरचनाच युक्तिवाद करते.

‘काई तांगाता’ चा विषय आत्मपरीक्षणाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुका हाती आल्यावर माओरी टोळ्यांनी एकमेकांचा केलेला संहार त्यात येतो. ‘काई’ हे नामही आहे आणि क्रियापदही. अन्न आणि खाणे हे दोन्ही अर्थ त्यात राहतात. इंग्रजीला किंवा मराठीला त्यांतून एक निवडावा लागतो. मूळ शब्द निवड करीत नाही आणि त्यामुळेच अधिक भीषण वाटतो. ‘उरुता’ म्हणजे साथीचा रोग. फांगारोआ बंदरात गोऱ्या कप्तानाच्या हातून पाण्यात पडलेले खिशातले घड्याळ, त्यानंतर पसरलेला आजार, आणि १८०९ मध्ये ‘बॉइड’ जहाजावर झालेली सुमारे ७० जणांची हत्या ही त्याची पार्श्वभूमी. परस्परांच्या संकेतांचा अर्थ न लागल्याने घडलेली ही शोकांतिका आहे, आणि गीत तिच्यात निव्वळ खलपुरुष शोधत नाही. वीररसाच्या आड करुण दडलेला आहे, हे या दोन गीतांतून ध्यानी येते.

५

इंग्रजी गीतांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. ‘होल्डिंग माय ब्रेथ’, ‘नोबडी हिअर’, ‘हिपोक्रिट’ यांतील अस्वस्थता खरी आहे. परंतु तिची अभिव्यक्ती या परंपरेतील असंख्य गीतांसारखी आहे. ‘व्हिस्पर्स’ हा अपवाद म्हणावा लागेल. किनारा व समुद्रतळ यांच्या मालकीविषयीच्या २००४ च्या कायद्याचा संदर्भ त्याला धार देतो. गायक तेच, वाद्ये तीच, निर्माता तोच. भाषा बदलली की रचनेची शक्ती उणावते. आरंभी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर या तुलनेतच मिळते. भाषा अलंकार असती, तर ती काढून घेतल्याने एवढा फरक पडला नसता.

ब्राझीलच्या ‘सेपुल्तुरा’ ने १९९६ च्या ‘रूट्स’ या ध्वनिमुद्रिकेसाठी शावांते आदिवासींसमवेत मुद्रण केले होते. तो प्रयोग महत्त्वाचा खरा; पण तेथे आदिवासींचा आवाज पाहुणा म्हणून येतो. ‘तू’ मध्ये तो यजमान आहे.

तरीही या यशाचा अर्थ मर्यादेतच लावला पाहिजे. जोशुआ फिशमन यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की भाषेचे भवितव्य अखेरीस घरातील एका पिढीकडून दुसरीकडे होणाऱ्या संक्रमणावर ठरते. २०१८ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात या गीतांना प्रतिसाद देणाऱ्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचा अर्थ कळला असेल, आणि त्यांच्या आरोळ्यांनी एकही मूल माओरीभाषक होणार नाही. ध्वनिमुद्रिका भाषा वाचवीत नाही. ती एवढेच सिद्ध करते, की शाळेत आणि समारंभात राखून ठेवलेली ही भाषा तरुणांच्या क्रोधाला, इतिहासाच्या लज्जेला आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या गळ्यालाही पुरी पडते. परंतु हे सिद्ध होते ते रचना चांगली असल्यामुळे; भाषा दुर्बल आहे म्हणून नव्हे. हा भेद समीक्षेने जपला, तरच अशा भाषांतील निर्मितीला तिचा खरा मान मिळेल.