परभाषेतील जवळीक : 'लॉस्ट इन ट्रान्स्लेशन' आणि 'इंग्लिश विंग्लिश'

परक्या देशात आलेले एकटेपण आणि तेथेच जुळून लवकरच सुटलेला अनुबंध हा विषय जागतिक चित्रपटात 'लॉस्ट इन ट्रान्स्लेशन'च्या (2003, दिग्दर्शन : सोफिया कपोला) नावाशी जोडला गेला आहे. मराठी वाचकाला मात्र तो नवा नव्हता. गौरी देशपांडे यांच्या 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' (1985) या पुस्तकातील 'तेरुओ'मध्ये भारतीय स्त्री आणि जपानी पुरुष यांच्यातील जवळिकीचे चित्रण त्यापूर्वीच आले होते. पुढे पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांच्या 'इंग्लिश विंग्लिश' (2012) या हिंदी चित्रपटाने तोच विषय मध्यमवर्गीय गृहिणीच्या पातळीवर आणला. या दोन चित्रपटांत भाषा कोणते कार्य करते, याचा येथे विचार केला आहे.

कपोलांच्या चित्रपटात बॉब हॅरिस हा उतरणीला लागलेला नट व्हिस्कीच्या जाहिरातीसाठी टोकियोत येतो आणि पार्क हयात हॉटेलात त्याची शार्लट या तरुण विवाहितेशी ओळख होते. चित्रीकरणाच्या प्रसंगी जपानी दिग्दर्शक लांबलचक बोलतो आणि दुभाषी त्याचे एखाद्या वाक्यात भाषांतर करते. त्या जपानी संवादांना उपशीर्षके नाहीत. प्रेक्षकही बॉबइतकाच गोंधळतो. पण हे न कळणे दोघांच्या जवळिकीच्या बाहेरचे आहे. बॉब आणि शार्लट यांची भाषा एकच, इंग्रजी आहे. जपानी हा त्यांच्या एकटेपणाभोवतीचा गलबला ठरतो. जपानी माणसांचे चित्रण विनोदाच्या पातळीवर राहते, हा या चित्रपटावर घेतला गेलेला आक्षेप याच रचनेतून उद्भवतो. अखेरीस बॉब शार्लटच्या कानात जे पुटपुटतो ते प्रेक्षकाला ऐकू येत नाही. मात्र तिला ते पूर्ण कळलेले असते.

'इंग्लिश विंग्लिश'मध्ये ही रचना उलटी होते. लाडू करून विकणारी शशी गोडबोले (श्रीदेवी) भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला एकटी पुढे जाते. तिचे एकटेपण विमानतळावर सुरू होत नाही. ते घरातून आलेले असते. 'जॅझ' या शब्दाच्या उच्चारावरून हसणारी मुले आणि नवरा, शाळेतील पालकसभेत आईची लाज वाटणारी मुलगी, हा तिचा मूळ परदेश आहे. मॅनहॅटनमधील कॉफीच्या दुकानात झालेला अपमान ही त्याचीच पुनरावृत्ती होय. चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गात तिला लॉरां हा फ्रेंच स्वयंपाकी भेटतो. इंग्रजी दोघांनाही परकी, दोघांचीही तोडकी. म्हणून खरे मन मोकळे करण्याची वेळ येते तेव्हा शशी हिंदीत बोलते आणि तो फ्रेंचमध्ये. शब्दांचा अर्थ पोहोचत नाही, ऐकले जाणे पोहोचते. ज्या घरात तिची भाषा सर्वांना कळत होती, तेथे नेमके हेच घडत नव्हते. आकलन आणि आदर यांतील हा भेद चित्रपटाचा गाभा आहे.

वर्गातील इतरांकडे पाहिल्यास हा भेद अधिक रुंदावतो. मेक्सिकन आया, पाकिस्तानी टॅक्सीचालक, दाक्षिणात्य संगणक-अभियंता राममूर्ती हे सारे न्यूयॉर्कला राबणारे लोक आहेत. हॉटेलच्या काचेतून शहर पाहण्याची चैन त्यांना नाही. राममूर्ती हे पात्र बंगळुरूसारख्या शहरातील प्रेक्षकाला विशेष ओळखीचे वाटावे. कन्नड, तमीळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी माणसे जेथे एका कार्यालयात बसतात आणि सहकाऱ्याशी इंग्रजीत किंवा हिंदीत, म्हणजे बहुधा दोघांपैकी कोणाच्याच नसलेल्या भाषेत बोलतात, तेथे परदेश ही समुद्रापलीकडची गोष्ट उरत नाही.

तथापि चित्रपटाच्या भाषिक व्यवस्थेत एक पेच आहे आणि मराठी समीक्षेने तो टाळू नये. गोडबोले कुटुंब घरात हिंदी बोलते. सासूच्या भूमिकेत सुलभा देशपांडे यांच्यासारखी मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ अभिनेत्री असूनही हेच घडते. मराठी ठळकपणे ऐकू येते ती लग्नाच्या 'नवराई माझी' या गाण्यात. म्हणजे प्रतिष्ठेसाठी इंग्रजी, संसारासाठी हिंदी, मनातल्या गोष्टीसाठी फ्रेंच आणि सणासमारंभासाठी मराठी अशी ही वाटणी आहे. आपल्या आईच्या अनुभवातून हा चित्रपट सुचला, असे शिंदे यांनी सांगितले आहे. त्या आईची भाषा मराठी होती. इंग्रजीपुढे ओशाळलेल्या स्त्रीची बाजू घेणारी ही कथा तिच्या मातृभाषेचे मात्र आधीच भाषांतर करून येते. बाजारपेठेचे कारण उघड आहे. पण कारण सांगितल्याने उणीव भरून निघत नाही.

शशीला आत्मसन्मान देणारा शब्दही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. शिक्षक तिला 'आंत्रप्रन्योर' म्हणतो आणि लाडू करणे हे घरकाम न राहता उद्योग ठरते. हा शब्द इंग्रजीने फ्रेंचकडून उसना घेतला आहे. मानाची भाषाही उसनवारीवर उभी असते, हे त्यातून नकळत सूचित होते. लग्नात शशी इंग्रजीत भाषण करते, पण लाडूंचे ताट पुन्हा तिच्याच हाती असते. लॉरांच्या प्रेमाचा ती स्वीकार करीत नाही; त्याचे आभार मानते. परतीच्या विमानात ती हवाईसेविकेला हिंदी वृत्तपत्र मागते, तेही सफाईदार इंग्रजीत.

बॉब आणि शार्लट यांची भेट त्यांच्या आयुष्यात काही बदलते की नाही, हे कपोला सांगत नाहीत. तिचे सौंदर्य त्या अनिश्चिततेत आहे. शिंदे यांच्या कथेत क्षणभंगुर नात्याला काम नेमून दिलेले आहे : त्याने स्त्रीला तिच्या घरी, पण पूर्वीपेक्षा ताठ मानेने, परत पाठवावे. ही मर्यादा आहे आणि बळही. मात्र त्या घरी परतल्यावर शशी गोडबोले स्वतःशी कोणत्या भाषेत बोलत असेल, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही. मराठीतील तौलनिक अभ्यासाने तो विचारणे अगत्याचे आहे.